काउंटरमागचा कॅप्टन

त्याला सगळे कॅप्टन म्हणत. विमानांशी त्याचा संबंध काय म्हणाल, तर विमानं त्याच्या डोक्यावरून जात असत. तेवढा संबंध तुमचा-आमचाही असतो. पण तो महागड्या मनगटी घड्याळांच्या दुकानात विक्रेता होता, आणि दुकानाच्या ज्या कोपऱ्यात वैमानिकांची म्हणून घड्याळं मांडलेली असत, तो कोपरा वर्षानुवर्षं त्याच्याच ताब्यात होता. कोपऱ्यात भिंतीवर एका जुन्या, दुहेरी पंखांच्या विमानाचा फोटो होता. त्या फोटोखाली उभं राहून राहून कॅप्टनची मानसुद्धा थोडी वरच्या बाजूला वळलेली राहायची, आणि कुणीही समोर आलं की हा माणूस नुकताच ढगांतून उतरलाय असं वाटायचं.

वैमानिकांची घड्याळं असं म्हणायचं आपलं. खरा वैमानिक त्या दुकानात एकदाच आला होता, आणि तोही शेजारच्या दुकानात मोजे घ्यायला निघालेला, दार चुकून आत शिरलेला. किमतीची चिठ्ठी बघून तो असा काही हसला की मॅनेजर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. बाकी येत ते इतर. दातांचे डॉक्टर येत. इमारती बांधणारे येत. लिफ्ट चौथ्या मजल्याच्या वर गेली की ज्यांच्या कानात दडे बसतात असे गृहस्थ येत, आणि वीस हजार फुटांवर थंडीवाऱ्यातही बिनचूक चालणारं काहीतरी दाखवा म्हणत.

कॅप्टन दाखवायचा. पांढरे हातमोजे चढवायचा, मखमलीच्या ट्रेमध्ये घड्याळ तान्ह्या बाळासारखं आडवं ठेवायचा आणि आवाज खाली आणायचा.

“विचार करा साहेब. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा काळ. विमान म्हणजे काय? बांबू, कापड आणि तारा. वैमानिकाचे दोन्ही हात दांड्यांवर. आणि घड्याळ कुठे? कोटाच्या खिशात, साखळीला! वेळ बघायला हात सोडला की आटोपलं. आता पुरुषानं मनगटाला घड्याळ बांधायचं म्हणजे त्या काळी चेष्टाच. ते बायकांचं बांगडीसारखं मिरवायचं काम. पण एका वैमानिकानं ती चेष्टा सोसली. आपल्या जवाहिऱ्या मित्राकडे गेला आणि म्हणाला, बाबा रे, मला वेळ मनगटावर दिसू दे.” इथं तो थांबायचा. घड्याळाकडे बघायचा. “तिथून सगळं सुरू झालं, साहेब.”

यातलं काही खोटं नव्हतं, बरं का. कॅप्टन थापा मारत नसे. त्याने हे सगळं वाचलेलं होतं, आणि मन लावून वाचलेलं होतं. तक्रार इतकीच, की या सगळ्या खऱ्या इतिहासाचा समोर उभ्या असलेल्या माणसाशी काडीचा संबंध नसे. उघड्या विमानात जाडजूड कातडी हातमोजे घालून बसलेल्या माणसाला चावी देता यावी म्हणून बाजूची घुंडी कांद्याएवढी मोठी केलेली. ती आता दातांचा डॉक्टर दोन गुबगुबीत बोटांनी फिरवून “स्मूथ आहे” म्हणे. इंधन कुठवर पुरेल याचा हिशोब करायला तबकडीभोवती आकड्यांचं फिरतं कडं. ते अशा माणसाच्या मनगटावर जाई, ज्याच्या गाडीत पेट्रोल ड्रायव्हर भरतो आणि पेट्रोलची टाकी कुठल्या बाजूला आहे हे ज्याला आजतागायत माहीत नाही. दूरच्या देशांत विमानं नेणाऱ्यांसाठी दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा काटा. आणि घेणाऱ्याची सासुरवाडी पलीकडच्या गल्लीत. माणसाने आभाळ जिंकलं ते ह्यांच्या मनगटासाठी, असा एकूण प्रकार.

दुकानाचे नियमही असेच आभाळातून पडल्यासारखे होते. विक्रेत्याच्या हातात दुकानातलंच घड्याळ हवं. सकाळी ते तिजोरीतून मिळे, संध्याकाळी सही करून परत करायचं. त्यामुळे कॅप्टन दिवसभर एखाद्या टुमदार घराच्या किमतीचं यंत्र मनगटावर वागवायचा, आणि संध्याकाळी बसच्या रांगेत उघड्या हाताने उभा राहून शेजारच्याला विचारायचा, “किती वाजले हो?” साधं घड्याळ बांधणं त्याला कमीपणाचं वाटे आणि दुसरं परवडणारं नव्हतं. पट्ट्याखालची कातडी तेवढी गोरी राहिली होती. बायको म्हणायची, “एवढा पट्टा तरी तुमचा स्वतःचा आहे.”

आणखी एक गंमत म्हणजे त्या दुकानात वेळ कुणालाच कळत नसे. काचेमागची सगळी घड्याळं बंद. घुंडी ओढून ठेवलेली, काटे सगळ्यांचे दहा वाजून दहा मिनिटांवर. तसे ठेवले की काट्यांच्या मधे कंपनीचं नाव ऐटीत दिसतं आणि तबकडी हसल्यासारखी वाटते, असं ह्या धंद्यातले लोक मानतात. भिंतीवर घड्याळ नाही, तेही मुद्दाम. गिऱ्हाइकाला आपला वेळ चाललाय हे कळता कामा नये. कॅप्टनच्या मनगटावरचंही झिजू नये म्हणून बंदच. फोन कामावर आल्या-आल्या लॉकरमध्ये ठेवायचा. तेव्हा जेवणाची वेळ पोटावरून ओळखायची आणि दुकान बंद व्हायची वेळ मॅनेजरच्या चेहऱ्यावरून.

बायकोचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. कंबर सैल करणं, बाही आखूड करणं, अस्तर बदलणं. ह्याची गिऱ्हाइकं आणि तिची गिऱ्हाइकं पुष्कळदा एकच असत, फक्त ह्याला ती मनगटाच्या बाजूने दिसत आणि तिला कमरेच्या.

“तुमचे ते दातांचे डॉक्टर आले होते,” ती जेवताना सांगायची.

“कोण? परवा ते मोठ्या कड्याचं घेऊन गेले ते?”

“तेच. पँट सैल करायला. मी म्हटलं, हात वर करा, माप घेते. तर म्हणतात, जपून हं, घड्याळाला टेप लागेल.”

“मग बरोबरच आहे. त्याच्यावर चरा पडला तर—”

“पोट केवढं पुढं आलंय त्याची फिकीर नाही माणसाला! आणि मला म्हणतात, हे घड्याळ वैमानिकांचं आहे. मी म्हटलं, मग परत देऊन टाका त्यांना.”

कॅप्टन आमटी वाढून घ्यायचा. बायकोच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे त्याला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात समजलं होतं.

त्यांना एकच मुलगी. तिला लहानपणी झोपवायचं काम कॅप्टनकडे असायचं आणि त्याच्याकडे दुसऱ्या गोष्टीच नव्हत्या. इतर मुलींच्या गोष्टींत राजकन्या असत. हिच्या गोष्टीत समुद्रावर धुकं पडलेलं असे, इंधन संपत आलेलं असे आणि कुणीतरी मनगटाकडे बघून मनातल्या मनात हिशोब करत असे. मुलगी डोळे टक्क उघडे ठेवून ऐके. कॅप्टनला वाटे, झोप येत नाही बिचारीला.

आणि एक दिवस ती म्हणाली, मी वैमानिक होणार.

कॅप्टन गडबडला. गिऱ्हाइकांना तीच गोष्ट सांगितली की ती घड्याळ घेऊन घरी जात. कुणी ती ऐकून खरोखर विमान चालवायला निघेल, असं त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. पण मुलगी हट्टी होती. शिकली, परीक्षा दिल्या, नापास झाली, परत दिल्या. सुट्टीला घरी आली की कॅप्टन तिला धंद्यातले प्रश्न विचारायचा.

“तुमच्यात कुठलं वापरतात?”

“काय कुठलं?”

“घड्याळ गं.”

“समोर पॅनेलवर असतं की, बाबा.”

“ते बंद पडलं तर?”

“दुसरं असतं.”

“आणि तेही बंद पडलं तर?”

“बाबा, इतकं सगळं बंद पडलं ना, तर किती वाजले हा प्रश्न कुणालाच पडत नाही.”

आतल्या खोलीत शिवण चालली होती ती थांबली, आणि बायकोचं हसणं ऐकू आलं.

“पण तुमचे मोठे कॅप्टन लोक?” त्याने चिवटपणे विचारलं. “ते तर घालत असतील?”

“एक जण घालतात. तुमच्या दुकानातल्यासारखंच, वाटीएवढं. सारखं शर्टाच्या बाहीत अडकतं. मग वैतागून बॅगेत टाकतात.”

ही माहिती कॅप्टनने दुकानात कुणालाही दिली नाही.

मग तो दिवस ठरला. मुलीचं प्रशिक्षण संपलं होतं, आणि एका सकाळी ती पहिल्यांदाच उजवीकडच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसून खऱ्या प्रवाशांनी भरलेलं विमान नेणार होती. तिने आई-बाबांची तिकिटं काढली. कॅप्टन त्याआधी विमानात कधी बसला नव्हता. विमानांवर एवढं बोलून झाल्यावर बसायचं राहूनच गेलं होतं, आणि हे दुकानात सांगायची सोय नव्हती. आता त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आपल्या लेकीने जमिनीवरून उचललेल्या विमानात, त्या पहिल्या वेळी, आपण बसलेलो असावं. नंतर ती रोज उडणार होती, पण पहिली वेळ पुन्हा येणार नव्हती. दुकानात त्याने रजा मागितली तेव्हा मॅनेजरने कारण विचारलं, आणि कारण सांगताना कॅप्टनचा आवाज आपोआप खाली आला, मखमलीचा ट्रे समोर असल्यासारखा.

आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. “बाबा, अकराचं विमान आहे. वेळेवर या. तिथं माझ्या हातात काही नसतं.”

“अगं, तू मला वेळ शिकवतेस?” कॅप्टन म्हणाला.

विमानतळावर ती दोघं साडेनऊलाच पोचली. एकच मोठी बॅग होती, ती काउंटरवर देऊन टाकली. तपासणीत फोन ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगितला तो कॅप्टनने पलीकडे बायकोच्या पर्समध्ये टाकला. फोन जवळ नसला की त्याला कामावर असल्यासारखं मोकळं वाटायचं. विमान कुठल्या दारातून ते बघून बायको तिथल्याच एका खुर्चीत बसली. नवीन चप्पल चावत होती.

“मी जरा पाय मोकळे करून येतो,” कॅप्टन म्हणाला.

“बसा की इथं.”

“आलोच पाच मिनिटांत. तिकडे एक घड्याळांचं दुकान दिसलं.”

“देवा!” बायको म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी पोस्टमन फिरायला निघाला.”

त्याला नुसती काचेतली मांडणी बघायची होती, दुसऱ्याची कशी असते ती. मांडणी वाईट होती. पट्टे वाकडे ठेवलेले, दिवा भलत्याच कोपऱ्यात. ते बघून कॅप्टनला बरं वाटलं आणि तो निघणारच होता. पण आत एक गिऱ्हाईक उभं होतं, गळ्यात प्रवासाची उशी अडकवलेलं, पोटावर लॅपटॉपची बॅग. विकणारी मुलगी नवखी होती, आणि ती त्याला वैमानिकांच्या घड्याळाचं कडं फिरवून दाखवत म्हणत होती, “सर, हे पाण्याखाली किती वेळ झाला ते मोजायला.”

पाणबुड्याचं कडं वेगळं, वैमानिकाचं वेगळं. एखाद्या गवयासमोर कुणी बेसूर गावं तसं झालं कॅप्टनला. तो आत शिरला.

“माफ करा,” तो म्हणाला, “पण साहेब, विचार करा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा काळ.”

नवखी मुलगी आधी दचकली, मग तिने ओळखलं की हा आपल्यापेक्षा बरं बोलतोय, आणि शहाण्या पोरीसारखी बाजूला झाली. तेवढ्यावर भागलं असतं. पण तो उशीवाला सहज पाघळणारा नव्हता. बांबू, कापड आणि तारा ऐकून तो म्हणाला, “हं. पण ह्याच्यात पावलं मोजतात का?”

“पावलं?” कॅप्टन म्हणाला.

“दिवसात किती चाललो ते. आणि हृदयाचे ठोके?”

झालं. हा आता अब्रूचा प्रश्न झाला. कॅप्टनने तो ट्रे स्वतःच्या हाताने ओढून घेतला. जाकिटाच्या बाहीवरून बांधता यावा म्हणून पट्टा लांब का असे ते सांगितलं. महायुद्धं सांगितली. टपालाच्या थैल्या घेऊन धुक्यातून जाणारी एकटी माणसं सांगितली. उशीवाला घड्याळ हातात घ्यायचा, ठेवायचा, परत घ्यायचा. आणि मग कॅप्टनने आपला हुकमी एक्का काढला.

“साहेब, खाली समुद्र, वर तारे. आपण कुठे आहोत हे सांगणारं दुसरं काही नाही, एक घड्याळ. आणि ते घड्याळ फक्त चार सेकंद चुकलं, चार सेकंद, की नकाशावर तुम्ही मैलभर भलतीकडे! चार सेकंदांत माणूस हरवतो, साहेब.”

हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडत होतं तेव्हा तो स्वतः पाऊण तास चुकलेला होता.

मधे एकदा त्याने वेळ बघितली नाही असं नाही. सवयीने मनगट वर केलं. तिथं गोरा पट्टा. मग सवयीनेच नजर काचेच्या कपाटाकडे गेली. दहा वाजून दहा मिनिटं. वरच्या फळीवर दहा-दहा, खालच्या फळीवर दहा-दहा, आणि कोपऱ्यातलं सोन्याचंही त्याच मताचं. आपण साडेनऊला आलो, म्हणजे बरोबरच आहे, असं कॅप्टनच्या मनात येऊन गेलं, आणि मन निवांत झालं. पुढे हे त्याने ज्या-ज्या कुणाला सांगितलं त्या सगळ्यांनी त्याच्याकडे दयेने बघितलं. अहो, तुम्हीच ते काटे तसे लावता ना? हो, तोच लावायचा. पण उभं आयुष्य दहा वाजून दहा मिनिटांनी काढलेल्या माणसाला तो आकडा बघून शंका येत नाही, बरं वाटतं. शिवाय हा विमानतळ शांतताप्रिय होता. कुठल्याही विमानाची हाक मारायची नाही, प्रवाशांनी आपलं आपण बघावं, असं तिथलं धोरण होतं.

अखेर उशीवाल्याने निःश्वास टाकला आणि म्हणाला, “ठीक आहे. द्या.”

कॅप्टनला जो आनंद झाला तो वर्णन करण्यासारखा नव्हता. घड्याळ उशीवाल्याच्या मनगटावर चढलं. त्याने हात लांब धरून ते न्याहाळलं, मग दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला, त्यात वेळ बघितली आणि किंचाळला, “अरे, अकराला पाच कमी! माझं साडेअकराचं आहे!”

“किती?” कॅप्टन म्हणाला.

तो पळाला. त्या वयाच्या आणि त्या बुटांच्या माणसाने पळू नये तसा पळाला. सरकत्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या लोकांना ढकलून, एका लहान मुलाच्या चाकाच्या बॅगेवरून उडी मारून. ती त्याची त्या दिवसातली एकमेव हवाई भरारी. दारापाशी पोचला तर खुर्ची रिकामी. बायको नव्हती. दारावरची मुलगी कागद आवरत होती.

“दार बंद झालं, सर.”

“माझी बायको?”

“मॅडम शेवटपर्यंत थांबल्या होत्या. मग गेल्या.”

“अहो, पण ते विमान माझी मुलगी... म्हणजे आत माझी मुलगी आहे.”

“सीट नंबर?”

“सीट नाही हो! चालवतेय ती!”

“सर, मागे व्हा,” ती मुलगी म्हणाली. दिवसाला असे दहा जण तिला काय काय सांगत असणार.

काचेतून विमान दिसत होतं, अगदी हाताच्या अंतरावर. त्याच्या पोटातून दोन माणसं एक बॅग खाली उतरवत होती. प्रवासी आला नाही की त्याची बॅग विमानात ठेवत नाहीत. बॅग नवरा-बायको दोघांची होती, बायकोचे कपडेही तिच्यातच होते, पण नाव कॅप्टनचं होतं. ती बॅग एकटीच जमिनीवर उभी राहिली. आणि वर, पुढच्या लहान काचेमागे, लेक दिसली. कानांवर हेडफोन, मान खाली, हात समोरच्या बटणांवर. कॅप्टनने हात हलवला. तिने बघितलं नाही. बघायचं काही कारण नव्हतं. ती काम करत होती. विमान मागे सरकलं, वळलं, लांबच्या टोकाला गेलं, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या शेडच्या छपरावरून वर जाताना दिसलं. ह्याने हजारो उड्डाणं रंगवून सांगितली होती. हे एक त्याने तोंड उघडं टाकून, एक शब्द न बोलता बघितलं. वर्णन करायला समोर कुणी नव्हतं. दारावरची मुलगीही निघून गेली होती.

तेच विमान दुपारी परत येणार होतं. कॅप्टन बॅग सोडवून घेऊन बाहेर येण्याच्या दारापाशी बसून राहिला. दुपारी आधी बायको आली, चप्पल हातात घेऊन; कपड्यांविना तिथं राहून काय करणार म्हणून त्याच विमानाने परतली होती. ती जवळ येऊन उभी राहिली.

“काय विकलंत?” तिने विचारलं.

“घड्याळ.”

“कुणाचं?”

“त्यांचं.”

“सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या दुकानातला माल विकायला तुमची लेक सोडलीत. धन्य आहे! मी तिथं त्या पोरीच्या हातापाया पडले, पाच मिनिटं थांबा म्हणून. फोन करावा तर तुमचा फोन माझ्याच पर्समध्ये ओरडतोय.”

“तू गेलीस ते बरं केलंस.”

“मग काय करणार होते? तुमच्यासोबत घड्याळं विकत बसणार होते?” ती खाली बसली. मग दुसरीकडे बघत म्हणाली, “उचललं ना तिनं, तेव्हा काही कळलंच नाही. दळण घेऊन पायरी चढावी इतकं अलगद.”

कॅप्टनने मान हलवली. त्याला पुढचं ऐकायचं होतं, पण मागायचं तोंड नव्हतं.

लेक आली. टोपी काखेत, केस चापून बांधलेले, बरोबर तिचे मोठे कॅप्टन. ते दुरूनच ह्याच्याकडे बघून हसले आणि पुढे गेले. लेक समोर उभी राहिली.

“कसं झालं?” कॅप्टनने विचारलं.

“वेळेवर.”

“अगं, मी तिथं—”

“आईचा फोन आला उतरल्यावर. माहीत आहे.” तिने टोपी आपल्या चाकाच्या बॅगेवर ठेवली. “बाबा, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगते. खालून विचारणा आली, एक प्रवासी कमी आहे, बॅग काढायची का. नाव ऐकलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तुझे वडील ना? पाच मिनिटं थांबवू शकतो. मी म्हटलं, दुसऱ्या कुणासाठी थांबवलं असतं का, सर? ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, मग बॅग काढू द्या.”

बायको चप्पल पायात सरकवता सरकवता थांबली.

“तू म्हणालीस?” कॅप्टनने विचारलं.

“मी म्हणाले.”

कॅप्टनला राग आला नाही. राग यावा इतकी त्याची बाजूच नव्हती. त्याला फक्त एवढं उमगलं, की आपण ज्या माणसांबद्दल आयुष्यभर आवाज खाली आणून बोललो, त्यांतलं एक माणूस आत्ता आपल्यासमोर उभं आहे, आणि त्याने पहिल्यांदा सोडून दिलेली गोष्ट म्हणजे आपण.

“बरोबर केलंस,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, वर-खाली काही झाला नाही.

“बरोबर केलंच,” लेक म्हणाली. “पण तुम्ही असायला हवं होतं, बाबा.” आणि तिने बॅगेची मूठ धरली आणि ती चालायला लागली, कारण तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि अंगावर गणवेश होता.

त्या आठवड्यात कॅप्टन दुकानात गेला तेव्हा बायकोच्या गिऱ्हाइकांकडून ती बातमी तिथं आधीच पोचली होती. सगळे हसून झाले. मॅनेजरला मात्र त्यात धंदा दिसला. “अहो, ही गोष्ट सोन्यासारखी आहे,” तो म्हणाला. “वैमानिक मुलगी, वेळेसाठी बापाला खाली सोडते! सांगा ना गिऱ्हाइकांना.”

पहिल्याच गिऱ्हाइकाला त्याने ती सांगितली. एक गृहस्थ होते, इमारतींच्या फरश्या पुरवणारे, अंगठ्यांनी बोटं भरलेली. बांबू, कापड आणि तारा सोडून तो गोष्टीत थेट विमानतळावरच्या बंद दारापाशी आला, काचेतल्या चेहऱ्यापर्यंत, बॅग काढू द्या ह्या वाक्यापर्यंत. गृहस्थांचे डोळे चमकले.

“वा!” ते म्हणाले. “आणि तिच्या हातात हेच होतं?”

मॅनेजर पलीकडच्या काउंटरवरून ऐकत होता. त्याने मान हलवली: हो म्हणा.

“नाही,” कॅप्टन म्हणाला. “तिच्या हातात काही नव्हतं. ती घड्याळ घालतच नाही.”

मॅनेजरने कपाळाला हात लावला.

“तिला तुमच्या ह्या कड्याचा, ह्या घुंडीचा, ह्या जादा काट्याचा काही उपयोग नाही,” कॅप्टन पुढे म्हणाला. हातमोजे काढून त्याने ट्रेवर ठेवले होते. “आणि खरं सांगू का साहेब, तुम्हालाही नाही. तुमचं विमान सुटायचं असेल तर हे घालूनही सुटेल. माझं सुटलं तेव्हा माझ्याभोवती अशी दोनशे होती.”

गृहस्थांनी मनगट आरशासमोर धरलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, बाही मागे ओढली.

“छान दिसतंय,” ते म्हणाले. “हेच द्या.”